मातीखालचे शेजारी – लेखांक ९ : दिसायला बुरशी, जातीने जिवाणू

गेल्या आठवड्यात आपण बुरशी पाहिली. आजचे जीव तिच्यासारखेच धागे काढतात, बीजाणू धरतात. त्यामुळे बराच काळ त्यांची गणना बुरशीतच होत असे. पण त्यांच्या पेशींत केंद्रक नाही. हे जिवाणू आहेत : ॲक्टिनोबॅक्टेरिया. कंपोस्टचा तापलेला ढीग फोडला की आत राखेसारखा पांढुरका थर दिसतो, तो बहुतांशी यांचाच. पन्नास-साठ अंश सेल्सियसला यांच्यातल्या उष्णताप्रिय जाती काडीकचऱ्यातलं चिवट सेल्युलोज तोडत असतात.

मातीत यांच्यातलं मोठं घराणं स्ट्रेप्टोमायसिसचं. त्याच्या धाग्यांना जागचं हलता येत नाही. अन्न संपत आलं की ते बीजाणू तयार करायला लागतात आणि साधारण त्याच सुमारास प्रतिजैविकंही. त्याच वेळी जिओस्मिन हे रसायनही बनतं. पहिल्या पावसानंतर मातीला येणारा वास मुख्यतः त्याचाच. हा खटाटोप कशासाठी, याचं एक उत्तर २०२० साली मिळालं. स्प्रिंगटेल नावाचे मातीतले इवलेसे प्राणी या वासाने खेचले जातात, धागे खातात आणि अंगाला चिकटलेले व विष्ठेतून पडणारे बीजाणू दूरवर पोचवतात.

माणसाने उचलली ती प्रतिजैविकं. १९४३ साली अमेरिकेतल्या रटगर्स इथे, सेलमन वॅक्समन यांच्या प्रयोगशाळेत, अल्बर्ट शॅट्झ यांनी स्ट्रेप्टोमायसिन वेगळं केलं. क्षयावरचं हे पहिलं प्रभावी प्रतिजैविक. गंमत म्हणजे क्षयाचा जंतूही ॲक्टिनोबॅक्टेरियाच. औषध आणि रोग एकाच भावकीतले. पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये थिरुमलाचार यांच्या चमूने बुरशीनाशक हॅमायसिन शोधलं, ते ज्या जिवाणूपासून मिळालं त्याचं नाव ‘स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना’.

माती सोडली की यांचे व्यवहार बदलतात. वाळूत नत्राची वानवा, तरी सुरूचं झाड तिथे वाढतं. त्याच्या मुळांवर फ्रँकिया या ॲक्टिनोबॅक्टेरियाच्या गाठी येतात. तो हवेतला नत्र झाडाला देतो, झाड त्याला साखर पुरवतं. नत्र बांधणारं विकर प्राणवायूने निकामी होतं, म्हणून सुरू त्या गाठींतल्या पेशींच्या भिंती घट्ट करून प्राणवायूला अडवतो. बीवुल्फ नावाची, मधमाश्यांची शिकार करणारी गांधीलमाशी तर स्ट्रेप्टोमायसिस आपल्या शृंगिकांत पाळते. मादी ते पिलाच्या कोठडीत लावून ठेवते, अळी ते कोशात विणून घेते आणि त्यांची प्रतिजैविकं कोशाला बुरशी लागू देत नाहीत.

गोड्या तळ्यांत मात्र वेगळाच प्रकार. तिथे अनेक ठिकाणी संख्येने सर्वाधिक असणारे जिवाणू याच गटातले, पण त्यांना ना धागे, ना बीजाणू. अंगाने इतके बारीक की त्यांना खाणाऱ्या एकपेशीय जीवांच्या तावडीत ते सहसा सापडत नाहीत. स्ट्रेप्टोमायसिसचा जनुकसंच ऐंशी-नव्वद लाख अक्षरांचा, यांचा जेमतेम बारा-पंधरा लाखांचा. काहींजवळ उजेडापासून थोडी ऊर्जा मिळवणारं प्रथिनही असतं.

पुन्हा स्ट्रेप्टोमायसिसकडे येऊ. त्याचं रसायनशास्त्र बरंचसं शेजाऱ्यावर ठरतं. २००२ साली ‘स्ट्रेप्टोमायसिस सीलिकलर’चा जनुकसंच वाचला गेला, तेव्हा प्रतिजैविकांसारखी रसायनं बनवणारे वीसहून अधिक जनुकसमूह त्यात सापडले. तोवर त्यातल्या मोजक्यांचीच उत्पादनं ठाऊक होती. बशीत एकट्या वाढवलेल्या जिवाणूत असे बरेच समूह गप्प राहतात. सोबत दुसरा जिवाणू किंवा बुरशी वाढवली की काही बोलू लागतात. म्हणून आज नव्या औषधाच्या शोधातले संशोधक मातीच्या नमुन्यांबरोबरच कीटकांची शरीरं आणि समुद्रतळाचा गाळही तपासतात. नुसता जिवाणू हाती लागून भागत नाही, तो कुणाच्या संगतीत राहतो हेही पाहावं लागतं.

(पुढील आठवड्यात : हरभऱ्याच्या मुळावरच्या गाठी आणि ऱ्हायझोबियम)