पेट्रोलांतील शेंकडा दोन प्राणवायु

हवा शुद्ध राखण्यासाठीं केलेल्या कायद्याचे परिणाम कोठवर पोंचतील, हें तो करणारांनाही पुष्कळदां ठाऊक नसतें. अमेरिकेंत १९९० सालीं शुद्ध हवेचा कायदा सुधारण्यांत आला. हवा फार बिघडलेल्या शहरांत १९९५ पासून जें पेट्रोल विकावयाचें, त्यांत वजनानें निदान शेंकडा दोन प्राणवायु असावा, असें त्यांत ठरलें. प्राणवायुयुक्त द्रव्य मिसळलें म्हणजे इंधन अधिक पुरतें जळतें व विषारी कार्बन मोनॉक्साइड कमी निघतो. कायद्यानें प्रमाण सांगितलें. द्रव्य कोणतें, हें कारखानदारांवर सोपविलें.

निवड मुख्यतः दोहोंत होती. एक मक्यापासून काढलेला मद्यार्क, म्हणजे इथेनॉल. दुसरें मेथिल टर्शरी ब्यूटिल ईथर. मद्यार्क पाणी ओढून घेतो, म्हणून तो पेट्रोलबरोबर लांबच्या नळांतून पाठवितां येत नाहीं. आगगाडीनें नेऊन वखारींत मिसळावा लागतो. ईथरला ही अडचण नाहीं. साहजिकच मागणी ईथरकडे वळली आणि त्याचे कारखाने भराभर उभे राहिले.

परंतु ईथर पाण्यांत सहज विरघळतें, माती तें धरून ठेवीत नाहीं, आणि अत्यल्प अंशानेंही पाण्याला टर्पेंटाइनसारखा वास येतो. पेट्रोलच्या जमिनींतील टाक्या गळतात, ही गोष्ट तर सर्वांस माहीत होती! १९९६ सालीं कॅलिफोर्नियांतील सँटा मोनिका शहराला आपल्या विहिरी बंद कराव्या लागल्या. शहराचें निम्में पाणी गेलें.

१९९९ सालीं गव्हर्नर ग्रे डेव्हिस यांनीं २००२ च्या अखेरीस ईथर बंद करण्याची आज्ञा काढली. तें करण्यास लागणाऱ्या मेथॅनॉलचा व्यापार करणाऱ्या कॅनडांतील मेथॅनेक्स कंपनीनें ९७ कोटी डॉलरांची भरपाई मागितली. २००५ सालीं लवादानें ती फेटाळली.

खरा पेंच पुढेंच होता. शेंकडा दोनची अट कायमच होती, व तींतून सूट देण्यास वरिष्ठ सरकारनें २००१ सालीं नकार दिला. मद्यार्कांत प्राणवायु जवळजवळ दुप्पट असतो. म्हणून ईथरचे अकरा भाग काढले तर मद्यार्काचे सहाच भाग पुरतात. उरलेली पांच भागांची तूट पेट्रोलनेंच भरावयाची. शिवाय मद्यार्क मिसळलेलें पेट्रोल उन्हाळ्यांत अधिक उडून जातें, म्हणून त्यांतील हलके अंश आधीं काढून टाकावे लागतात. म्हणजे पुरवठा दोन्हीकडून आंखडला! अखेर बंदी एक वर्ष पुढें ढकलावी लागली.

२००६ सालीं ती अट सर्व देशांतून उठली. त्याच वेळीं फिर्यादींच्या भीतीनें तेलकंपन्यांनीं ईथर एकदम सोडलें, आणि मद्यार्काचे भाव कडाडले. सँटा मोनिकाच्या मुख्य विहिरींचें पाणी कोळशाच्या गाळण्यांतून शुद्ध होऊन पुन्हां नळाला आलें, तें २०११ च्या सुमारास.