विमान बदलतं तेव्हा यादीचं काय होतं?

आजच्या विषयाची सुरुवात मी एका संपापासून करतो, कारण तुमच्यातल्या बऱ्याच जणांना तो आठवत असेल. मे २०१२. एअर इंडियाचे वैमानिक मोठ्या संख्येने एकाच रात्री 'आजारी' पडले. मुंबई-दिल्लीहून परदेशी जाणारी विमानं रद्द व्हायला लागली. व्यवस्थापनाने त्यांच्या संघटनेची, म्हणजे इंडियन पायलट्स गिल्डची, मान्यता काढून घेतली. दिल्ली उच्च न्यायालयाने संपाला मनाई केली. शंभराच्या आसपास वैमानिक बडतर्फ झाले. तरी संप चालूच राहिला आणि ५८ दिवसांनी, जुलैच्या सुरुवातीला मागे घेतला गेला.

थकीत पगार वगैरे मागण्या होत्याच. पण मुख्य भांडण एका विमानावरून होतं. बोइंग ७८७, ज्याला ड्रीमलायनर म्हणतात. त्याचं प्रशिक्षण आधी कोणाला द्यायचं, यावरून. आणि गंमत बघा, ते विमान तेव्हा भारतात आलेलंसुद्धा नव्हतं. पहिलं ड्रीमलायनर उतरलं सप्टेंबरमध्ये, संप संपल्यावर दोन महिन्यांनी. न आलेल्या विमानासाठी माणसं नोकरी पणाला लावतात, हे बाहेरून बघणाऱ्याला अहंकाराचं भांडण वाटतं. त्या वेळी बऱ्याच लोकांनी तसंच म्हटलं. मला ते मान्य नाही, आणि का नाही ते आज सांगायचं आहे.

आपल्याकडे सेवाज्येष्ठता हा शब्द कोणाला समजावून सांगावा लागत नाही. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक असलेला एक तरी माणूस प्रत्येकाच्या नात्यात असतो. पटसंख्या घटली की सेवाज्येष्ठतेत शेवटचा असलेला शिक्षक 'अतिरिक्त' ठरतो आणि त्याचं समायोजन दुसऱ्या शाळेत होतं. त्याने शिकवण्यात काही कमी केलेलं नसतं. पटसंख्या त्याच्या हातात नसते. वैमानिकाची गोष्ट जवळपास अशीच आहे, फक्त तिथे पटसंख्येच्या जागी विमानं असतात.

वैमानिक कंपनीत रुजू झाला की त्याला यादीत एक क्रमांक मिळतो. अमेरिकेतल्या मोठ्या कंपन्यांमध्ये या क्रमांकावर जवळजवळ सगळं ठरतं: कुठल्या शहरात राहायचं, कुठलं विमान चालवायचं, डाव्या खुर्चीत कॅप्टन म्हणून बसायचं की उजव्या खुर्चीत को-पायलट म्हणून, दिवाळी म्हणा, ख्रिसमस म्हणा, घरी काढायची की कुठल्यातरी हॉटेलात. आपल्याकडच्या खाजगी कंपन्यांत व्यवस्थापनाच्या हातात बरंच जास्त असतं, पण कमांडर व्हायची रांग तिथेही यादीवरूनच लागते. हा क्रमांक कौशल्याचा नाही. कोण जास्त चांगलं विमान उतरवतो हे तो सांगत नाही. आणि तो मुद्दामच तसा ठेवलेला आहे. कॅप्टनने खराब हवामान बघून 'आज मी निघणार नाही' म्हटलं, तर त्याची बढती साहेबाच्या मर्जीवर अवलंबून असता कामा नये. यादीचा हा फायदा लोक विसरतात.

आता थोडं गणित. घाबरू नका, तोंडी होईल. आकडे मी समजण्यापुरते घेतोय.

एक कंपनी आहे. तिच्याकडे ४० लहान विमानं, देशांतर्गत उडणारी, आणि १० मोठी, लांब पल्ल्याची. एका लहान विमानामागे ५ कॅप्टन आणि ५ को-पायलट लागतात असं धरू. मोठ्या विमानामागे जास्त लागतात, कारण चौदा-पंधरा तासांच्या उड्डाणात एकच जोडी बसू शकत नाही, आलटून-पालटून बसावं लागतं. तिथे ८ आणि ८ धरू. म्हणजे मोठ्या विमानांचे ८० कॅप्टन, लहान विमानांचे २००. एकूण कॅप्टन २८०, तितकेच को-पायलट, एकूण वैमानिक ५६०.

आता कंपनीने पाच मोठी विमानं विकली. फक्त पाच. मोठ्या विमानांच्या ४० कॅप्टनची खुर्ची गेली. ते घरी जात नाहीत, ते यादीत वर आहेत. ते खाली लहान विमानावर येतात. तिथले शेवटचे ४० कॅप्टन डावी खुर्ची सोडून उजवीकडे जातात. आणि को-पायलटच्याही ४० जागा गेल्या असल्याने तळाचे ८० जण रस्त्यावर. ज्याचा क्रमांक २७० होता तो काल कॅप्टन होता, आज को-पायलट आहे, पगार त्या मानाने खाली. त्याचा क्रमांक मात्र २७०च आहे! यादीतलं एक नावही हललेलं नाही.

माझं सगळं म्हणणं खरं तर एवढंच आहे. क्रमांक तोच राहतो, त्या क्रमांकाला काय मिळतं ते ताफा ठरवतो. आणि ताफ्याचा निर्णय होतो कुठे? संचालक मंडळाच्या बैठकीत, इंधनाच्या दरावर, कर्जावर, बोइंग किंवा एअरबसच्या कारखान्यातल्या वेळापत्रकावर.

शिवाय ही घसरण स्वस्तही नसते. एका विमानावरून दुसऱ्यावर जाणाऱ्या प्रत्येकाला नवीन टाइप रेटिंग लागतं. वर्ग, सिम्युलेटर, मग तपासनीसाबरोबर उड्डाणं. एक खुर्ची वर गेली की खाली तीन-चार माणसांचं प्रशिक्षण होतं. म्हणून कंपन्या 'एकदा या विमानावर आलात की इतकी वर्षं हलायचं नाही' अशी अट घालतात, बाँड लिहून घेतात. २०२० साली महामारीत डेल्टाने ७७७ विमानं आणि एमडी-८८, एमडी-९० अशी सगळी विमानं काढून टाकायचं ठरवलं, ब्रिटिश एअरवेजने ७४७ बंद केली. बातम्यांमध्ये त्या जुन्या विमानांचे हळवे निरोप दाखवले. त्यामागे हजारो माणसांची ही अशी सरकासरक चालू होती, ती कोणी दाखवली नाही.

आता परत एअर इंडियाकडे. १९५३च्या कायद्याने दोन सरकारी कंपन्या झाल्या. एअर इंडिया परदेशात, इंडियन एअरलाइन्स देशात. एकीकडे मोठी बोइंग, दुसरीकडे मुख्यतः लहान एअरबस. दोन याद्या, दोन संघटना, दोन वेगळ्या शिड्या. लहान विमानांच्या कंपनीत कमांडर व्हायला कमी वर्षं लागायची. मोठ्या विमानांच्या कंपनीत खुर्च्या थोड्या, त्यामुळे उजव्या खुर्चीत जास्त वर्षं. त्याच्या बदल्यात पुढे मोठं विमान, परदेशी भत्ते. म्हणजे एअर इंडियात शिरलेल्या वैमानिकाने एक सौदा केलेला होता: आत्ता थांबतो, नंतर मिळेल.

विलीनीकरणाच्या आधीच एअर इंडियाने बोइंगकडे ६८ विमानांची मागणी नोंदवली होती. त्यात २७ ड्रीमलायनर. २००७ मध्ये दोन्ही कंपन्या एक झाल्या. कागदावर. वैमानिकांच्या याद्या मात्र वेगळ्याच राहिल्या. आणि ड्रीमलायनर २००८ला यायचं ते बोइंगच्या स्वतःच्या अडचणींमुळे चार वर्षं लांबलं. चार वर्षं म्हणजे बातमीतली एक ओळ. पण को-पायलट म्हणून थांबलेल्या माणसासाठी ती चार वर्षांची रखडलेली बढती आहे.

आता २०११-१२ला दोघांच्या नजरेतून बघा. गिल्डचा माणूस म्हणतो: मी या विमानासाठीच थांबलो. तिकडचा माझ्याहून उशिरा लागलेला वैमानिक लवकर कमांडर झाला, आणि आता त्याच जोरावर तो ड्रीमलायनरच्या डाव्या खुर्चीत बसणार, मी त्याच्या शेजारी उजवीकडे. इंडियन एअरलाइन्सकडचा म्हणतो: कंपनी एक झाली ना? मग विमान एका बाजूच्या मालकीचं कसं? आम्ही काय जन्मभर एअरबसच चालवायचं? दोन्ही बाजू आपापल्या जागी खऱ्या आहेत, हीच अडचण आहे. त्याआधीच्या वर्षी, एप्रिल-मे २०११ मध्ये, याच इंडियन एअरलाइन्सकडच्या वैमानिकांनी समान पगारासाठी दहा दिवसांचा संप केला होता. म्हणजे आधी एका बाजूने पैशावरून, मग दुसऱ्या बाजूने विमानावरून.

व्यवस्थापनाने प्रशिक्षणाच्या जागा दोघांत निम्म्या-निम्म्या वाटायचं ठरवलं. ऐकायला न्याय्य वाटतं. पण एका बाजूच्या मते ती त्यांची पूर्ण भाकरी होती, तिच्यातली अर्धी गेली. कर्मचाऱ्यांचं एकत्रीकरण कसं करावं यासाठी न्यायमूर्ती धर्माधिकारी समिती नेमली होती, तिचा अहवाल जानेवारी २०१२ला आला. विलीनीकरणानंतर साडेचार वर्षांनी! माझं मत विचाराल तर दोष इथे आहे. लग्न लावून दिलं, आणि घर कोणाचं, स्वयंपाकघर कोणाचं, हे पाच वर्षांनी ठरवायला बसले.

हे फक्त सरकारी कंपनीत होतं असं समजू नका. अमेरिकेत २००५ला यूएस एअरवेज आणि अमेरिका वेस्ट एकत्र आल्या. पहिली जुनी, दिवाळखोरीतून बाहेर येणारी, तिचे कितीतरी वैमानिक कामावरून कमी केलेले. दुसरी तरुण कंपनी. याद्या एकत्र करायला जॉर्ज निकोलाऊ नावाचे लवाद बसले. त्यांनी २००७ला निवाडा दिला. यूएस एअरवेजचे सर्वांत वरचे सुमारे पाचशे वैमानिक त्यांनी यादीच्या डोक्यावर ठेवले, कारण लांब पल्ल्याची मोठी विमानं त्याच कंपनीकडे होती. पण खाली, पंधरा वर्षांहून जास्त नोकरी झालेला, पण घरी बसवलेला यूएस एअरवेजचा वैमानिक अमेरिका वेस्टच्या अगदी नव्या पोराच्या खाली गेला. लवादांचा तर्क असा: तुम्ही किती वर्षं नोकरी केली यापेक्षा, विलीनीकरणाच्या दिवशी तुम्ही नोकरीत काय घेऊन आलात ते मोजा. ज्याच्याकडे त्या दिवशी खुर्चीच नव्हती, तो काय घेऊन आला?

त्यावरून यूएस एअरवेजच्या वैमानिकांनी जुनी संघटना सोडून नवी काढली, खटले वर्षानुवर्षं चालले, आणि दोन्हीकडचे वैमानिक एका कंपनीचा गणवेश घालून वेगवेगळ्या याद्यांवर उडत राहिले. अमेरिकन एअरलाइन्सशी पुढचं विलीनीकरण होऊन २०१६ला नवी एकत्र यादी आली, तेव्हा कुठे विषय मिटला. अकरा वर्षं. काही जण तोवर निवृत्त झाले.

आपल्याकडे २०१९ला जेट एअरवेज बंद पडली तेव्हा या प्रश्नाची आणखी एक बाजू दिसली. यादी कंपनीबाहेर चालत नाही. वीस वर्षांचा कॅप्टन दुसरीकडे गेला की यादीत शेवटचा. त्यात विमानाचा प्रकार आडवा येतो. जेटचे बरेच वैमानिक बोइंग ७३७वर होते, आणि आपल्या बाजारात एअरबस ३२०चं राज्य. ७३७ चालवणाऱ्या स्पाइसजेटने जेटचे बरेच वैमानिक घेतले. पण तिचीही ७३७ मॅक्स विमानं त्याच मार्चमध्ये जमिनीवर आणलेली होती. बाकीच्यांना नवीन टाइप रेटिंग, नवी रांग, किंवा आखाती देश. घरचे हप्ते मात्र जुन्या पगाराच्या हिशेबाने चालू.

मग वैमानिक निवड कशी करतो? एक पेच कायमचा आहे. लहान विमानावर लवकर कॅप्टन व्हायचं, पण तिथे कॅप्टनांत सर्वांत शेवटचे, म्हणजे सणासुदीला ड्युटी, पहाटेची उड्डाणं. की मोठ्या विमानावर ज्येष्ठ को-पायलट राहून रजा आणि मार्ग मनासारखे घ्यायचे? मूल लहान असताना पुष्कळ जण जाणूनबुजून बढती नाकारतात. बाहेरच्याला ते कळत नाही.

दुसरं, मुरलेले वैमानिक यादीत आपल्या पुढे किती जण आहेत यापेक्षा ते किती वयाचे आहेत हे बघतात. पुढचे तीनशे जण अठ्ठावन्नचे असतील तर रांग पळते. पस्तिशीचे असतील तर तुमचं आयुष्य तिथेच. अमेरिकेने २००७च्या अखेरीस निवृत्तीचं वय साठवरून पासष्ट केलं, तेव्हा वरच्यांना पाच वर्षं मिळाली आणि खालच्या सगळ्यांची पाच वर्षं थांबली. कोणी कोणाचं काही काढून घेतलं नव्हतं, तरीही.

वेळ संपत आलाय, दोन प्रश्न घेतो.

"मग सगळ्या कंपन्यांची मिळून एकच यादी का करत नाहीत?" ही कल्पना अमेरिकेत अनेक वर्षं चर्चेत आहे. दोन ठिकाणी अडते. कंपनीला बाहेरचा महागडा ज्येष्ठ माणूस वर बसवायचा नसतो. आणि आपल्या डोक्यावर कोणीतरी येऊन बसेल हे कुठल्याही संघटनेच्या सभासदांना नको असतं. दुसरं कारण जास्त भारी आहे.

"माझी मुलगी फ्लाइंग स्कूलमध्ये आहे. तिने कुठल्या कंपनीत जावं?" ताई, नाव सांगणार नाही. पण पगाराच्या आकड्याआधी तीन गोष्टी विचारायला सांगा. त्या कंपनीने कुठली विमानं मागवली आहेत आणि ती खरंच कधी येणार आहेत. एअर इंडियाने २०२३ला ४७० विमानांची मागणी जाहीर केली, पण मागवलेलं विमान आणि दारात उभं असलेलं विमान यांत किती वर्षं जातात ते आपण आत्ताच पाहिलं. दुसरं, टाइप रेटिंगचा खर्च कोणाचा आणि बाँड किती वर्षांचा. तिसरं, सोडायचं झालं तर नोटीस किती. आपल्याकडे डीजीसीएने २०१७ला को-पायलटला सहा महिने आणि कमांडरला एक वर्ष असा नियम केला आहे. म्हणजे दुसरीकडे चांगली संधी आली तरी तिकडच्या रांगेत उभं राहायला वर्ष जातं, आणि त्या वर्षात तिकडे जे रुजू होतील ते सगळे तिच्या पुढे असतील. त्यामुळे पहिली कंपनी निवडताना घाई करू नका, पण एकदा निवडल्यावर रुजू व्हायची तारीख एक दिवसही पुढे ढकलू नका.