वेष्टनाच्या मागच्या बाजूचा कोल्ट्रेन

जुन्या जॅझ रेकॉर्डच्या दुकानात दोन प्रकारची गिऱ्हाइके दिसतात. एक वेष्टनाची पुढची बाजू पाहून रेकॉर्ड घेतो. दुसरा ती हातात घेताच आधी उलटी करतो. पाठीमागे बारीक टाइपात छापलेली साथीदारांची नावे तो बोट फिरवत वाचतो आणि एखाद्या नावापाशी त्याचे बोट थांबते. बरेचदा ते नाव असते टेनर सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेनचे.

कोल्ट्रेनचा जन्म २३ सप्टेंबर १९२६ रोजी अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलायना राज्यातील हॅम्लेट या छोट्या गावी झाला आणि १७ जुलै १९६७ रोजी यकृताच्या कर्करोगाने तो गेला, वयाच्या अवघ्या चाळिसाव्या वर्षी. ‘जायंट स्टेप्स’, ‘माय फेव्हरिट थिंग्ज’, ‘अ लव्ह सुप्रीम’ या त्याच्या स्वतःच्या नावाच्या ध्वनिमुद्रिका जगभर विकल्या गेल्या. त्या मिळवायला आज फारसे कष्ट पडत नाहीत. पण त्या आधीची कितीतरी वर्षे तो दुसऱ्यांच्या पार्टीत वाजवत होता. खऱ्या संग्राहकाचा शोध सुरू होतो तो तिथून.

साथीदार म्हणजे कोण?

आपल्याकडे मैफिलीत तबला आणि पेटीची साथ असते. गवयाने संधी दिली की साथीदार आपला हात दाखवतो, पण मैफल गवयाची असते. जॅझमध्येही ध्वनिमुद्रण एका म्होरक्याच्या नावावर होते. चिजा तो निवडतो, माणसे तो जमवतो आणि वेष्टनावर नाव त्याचे छापले जाते. साथीदार मात्र प्रत्येक चिजेत आपल्या पाळीला काही आवर्तने एकट्याने वाजवतो आणि तेवढ्या वेळात त्याला आपले म्हणणे मांडावे लागते. त्याला मिळतो तो त्या दिवसाचा ठरलेला मेहनताना. रेकॉर्ड पुढे कितीही खपली तरी साधारणपणे त्यात त्याचा वाटा नसतो.

कोल्ट्रेनचे सर्वांत जुने वादन सापडते ते जुलै १९४६ मधले. तेव्हा तो आरमारात होता आणि हवाई बेटांवर त्याची नेमणूक होती. काही खलाशांनी मिळून हौसेने केलेल्या या ध्वनिमुद्रणात एकोणीस वर्षांचा कोल्ट्रेन आल्टो सॅक्सोफोन वाजवतो. टेनरपेक्षा हे वाद्य लहान आणि त्याचा आवाज चढा. त्या काळी आल्टोवर चार्ली पार्करचे राज्य होते, आणि हा पोरगा त्याची नक्कल करण्याची धडपड करतो आहे, एवढेच त्यातून कळते. पुढे तो कोण होणार आहे याची पुसटशी चाहूलही तिथे लागत नाही. पण म्हणूनच संग्राहकाला ते ऐकावेसे वाटते. त्यातला काही भाग १९९३ साली एका संकलनातून प्रथम सर्वांसाठी उपलब्ध झाला.

मार्च १९५१ मध्ये डेट्रॉइट येथे डिझी गिलेस्पीच्या पार्टीने ‘वी लव्ह टु बूगी’ हे हलकेफुलके गाणे ध्वनिमुद्रित केले. बाजारात आलेल्या रेकॉर्डवर कोल्ट्रेनचे एकल वादन ऐकू येते ते इथे पहिल्यांदा. गंमत म्हणजे गिटारवादक केनी बरेलचेही हे पहिलेच ध्वनिमुद्रण. सात वर्षांनी, मार्च १९५८ मध्ये, या दोघांनी मिळून एक संपूर्ण एल.पी. वाजवली.

त्यानंतर अर्ल बॉस्टिक आणि जॉनी हॉजेस या नामवंतांकडे त्याने चाकरी केली. १९५४ च्या हॉजेसच्या ‘यूज्ड टु बी ड्यूक’ या रेकॉर्डवर तो आहे, पण एकट्याने वाजवण्याची एकही पाळी त्याच्या वाट्याला आलेली नाही. इतर वाद्यांच्या घोळक्यात त्याचा स्वर कान देऊन शोधावा लागतो.

माइल्सची शाळा

१९५५ च्या शरद ऋतूत ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसने त्याला आपल्या पंचकात घेतले आणि चित्र पालटले. माइल्सला प्रेस्टिज कंपनीचा करार पुरा करून मोठ्या कोलंबिया कंपनीकडे जायचे होते. म्हणून ११ मे आणि २६ ऑक्टोबर १९५६ या दोन दिवसांत या पंचकाने इतके वाजवले, की त्यातून ‘कुकिन’, ‘रिलॅक्सिन’, ‘वर्किन’ आणि ‘स्टीमिन’ या चार एल.पी. निघाल्या. शेवटची बाजारात यायला १९६१ साल उजाडले.

हे सारे ध्वनिमुद्रण झाले न्यू जर्सीतील हॅकेन्सॅक गावी, रूडी व्हॅन गेल्डरच्या आईवडिलांच्या घरातील दिवाणखान्यात. व्हॅन गेल्डर दिवसा लोकांचे डोळे तपासून चष्म्याचे नंबर काढी आणि उरलेल्या वेळात ध्वनिमुद्रण करी. त्या काळातील जॅझचा फार मोठा ठेवा या एका खोलीत तयार झाला.

माइल्सकडे नाव झाल्यावर इतरांची बोलावणी येऊ लागली. मे १९५६ मध्ये पियानोवादक एल्मो होपची ‘इन्फॉर्मल जॅझ’, सप्टेंबरमध्ये बासवादक पॉल चेंबर्सची ‘व्हिम्स ऑफ चेंबर्स’, नोव्हेंबरमध्ये टॅड डॅमरॉनची ‘मेटिंग कॉल’. याच वर्षी २४ मे रोजी सॉनी रोलिन्सने माइल्सचे साथीदार घेऊन ‘टेनर मॅडनेस’ केली. तिच्या शीर्षकाच्या चिजेत कोल्ट्रेनही सामील झाला. बारा मिनिटांच्या या एका चिजेखेरीज या दोन दिग्गजांचे एकत्र ध्वनिमुद्रण नाही. पुढे हाच रोलिन्स अध्यात्माच्या ओढीने भारतात आला, मुंबईत पवईच्या आश्रमात राहिला, आणि १९७८ च्या पहिल्या ‘जॅझ यात्रे’त मुंबईकरांनी त्याला ऐकले.

पडझड आणि उभारी

१९५७ च्या वसंतात माइल्सने कोल्ट्रेनला काढून टाकले. कारण हेरॉइनचे व्यसन. त्याच वर्षी कोल्ट्रेनने ते व्यसन निर्धाराने सोडले. या उलथापालथीची दैनंदिनी त्याने लिहिली नाही, पण साथीदार म्हणून केलेल्या रेकॉर्ड तारखेवार लावल्या की ती आपोआप समोर येते. १९५६ मधला कोल्ट्रेन चाचपडत, वाक्य मध्येच तोडत बोलतो. नोव्हेंबर १९५७ मध्ये रेड गारलंडच्या ‘ऑल मॉर्निन लाँग’ या वीसएक मिनिटांच्या चिजेत तोच माणूस सुरांची लांबलचक आवर्तने दमसास न सोडता विणतो. १९५८ मध्ये समीक्षक आयरा गिट्लरने या शैलीला ‘ध्वनीच्या चादरी’ म्हटले आणि ते नाव कायमचे चिकटले.

या दोन टोकांच्या मधला दुवा होता पियानोवादक थेलोनियस मंक. १९५७ च्या उत्तरार्धात न्यूयॉर्कच्या ‘फाइव्ह स्पॉट’मध्ये कोल्ट्रेन त्याच्या चौकडीत वाजवत होता. मात्र दोघे वेगवेगळ्या कंपन्यांशी बांधलेले असल्याने स्टुडिओत फारच थोडे मुद्रित झाले. ज्यांनी ती चौकडी ऐकली त्यांनी नुसत्या आठवणी सांगायच्या आणि इतरांनी हळहळायचे, असे जवळजवळ अर्धशतक चालले. मग २००५ साली वॉशिंग्टनच्या ‘लायब्ररी ऑफ काँग्रेस’मध्ये जुन्या टेप संगणकावर उतरवून घेण्याचे काम चालू असताना लॅरी ॲपलबॉम यांच्या हाती काही डबे लागले. त्यांत २९ नोव्हेंबर १९५७ रोजी कार्नेगी हॉलमध्ये झालेला मंक आणि कोल्ट्रेनचा कार्यक्रम होता. ‘व्हॉइस ऑफ अमेरिका’ने तो ध्वनिमुद्रित केला होता आणि नंतर सारेच विसरून गेले होते. अठ्ठेचाळीस वर्षांनी तो रसिकांपर्यंत पोचला. त्या डब्यांकडे कोणाचे लक्ष गेले नसते, तर एका थोर कलावंताच्या घडणीतले मोलाचे पान कायमचे हरवले असते.

संग्रह करताना

कोल्ट्रेन प्रसिद्ध झाल्यावर कंपन्यांनी जुन्या टेप बाहेर काढून नव्या वेष्टनात विकल्या. पियानोवादक सेसिल टेलरच्या नेतृत्वाखाली ऑक्टोबर १९५८ मध्ये केलेले ध्वनिमुद्रण पुढे ‘कोल्ट्रेन टाइम’ या नावाने आले. कॅननबॉल ॲडर्लीची १९५९ मधील शिकागोची रेकॉर्ड ‘कॅननबॉल अँड कोल्ट्रेन’ झाली. त्यामुळे नवखा संग्राहक तोच माल दोनदा विकत घेतो. यावर उपाय एकच. रेकॉर्डच्या नावावर न जाता ध्वनिमुद्रणाची तारीख, ठिकाण आणि वादकांची यादी पाहायची. पुष्कळ संग्राहक यासाठी एक वही ठेवतात आणि तीत तारखेवार नोंद करतात.

मूळ आवृत्ती ओळखण्याच्याही खुणा आहेत. ब्ल्यू नोट कंपनीच्या जुन्या रेकॉर्डवर मधल्या कागदावरचा पत्ता पाहावा, शेवटच्या खाचांजवळच्या गुळगुळीत भागात व्हॅन गेल्डरची ‘आरव्हीजी’ ही अक्षरे शोधावीत आणि त्याच भागात कानाच्या आकाराची एक बारीक खूण आहे का ते बघावे. ही खूण प्लॅस्टिलाइट या कारखान्याची, १९६६ पर्यंतच्या छपाईची. मात्र अशा प्रतींना मोठी किंमत पडते. ज्याला वादनाशीच मतलब आहे त्याने पुनर्मुद्रित प्रती घ्याव्यात. १९९१ मध्ये प्रेस्टिजचे कोल्ट्रेन-ध्वनिमुद्रण सोळा सीडींच्या संचात एकत्र आले, तेव्हा अनेकांची वर्षानुवर्षांची पायपीट वाचली.

काही नग केवळ नवलाईचे आहेत. डिसेंबर १९५७ मध्ये रे ड्रेपर या सतरा वर्षांच्या मुलाने ट्युबा या अजस्र वाद्यावर रेकॉर्ड केली, तिच्यात साथीला कोल्ट्रेन आहे. ३ जानेवारी १९५८ रोजी जीन ॲमन्सकडे वाजवताना त्याने पुन्हा आल्टो हाती घेतला. हवाईतल्या त्या खलाशी पोराचे वाद्य बारा वर्षांनी तयार हातात कसे बोलते, ते दोन्ही रेकॉर्ड पाठोपाठ लावून ऐकावे.

मार्च १९६१ मध्ये ‘समडे माय प्रिन्स विल कम’ या रेकॉर्डच्या दोन चिजांसाठी तो पाहुणा म्हणून माइल्सकडे आला. त्याच्याबरोबरचे हे त्याचे अखेरचे स्टुडिओ-ध्वनिमुद्रण. तोवर त्याची स्वतःची चौकडी उभी राहिली होती.

नाव छापलेले असणे

हा सगळा शोध शक्य होतो तो एका साध्या गोष्टीमुळे. त्या कंपन्यांनी पैसे थोडे दिले असतील, पण वेष्टनाच्या मागे साथीदारांची नावे छापली. आपल्या हिंदी चित्रपटगीतांच्या तबकड्यांवर गायक, गीतकार आणि संगीतकार यांची नावे असत, वादकांची क्वचितच. गोव्याहून आलेल्या कित्येक वादकांनी मुंबईच्या स्टुडिओंत आयुष्य काढले. राहुलदेव बर्मन यांच्याकडे सॅक्सोफोन वाजवणारे मनोहारी सिंग जाणकारांना ठाऊक झाले, पण त्यांच्या शेजारच्या खुर्चीत कोण बसले होते, हे आज सांगणारे थोडे उरले आहेत.

म्हणून घरात जुन्या रेकॉर्ड असतील, तर रद्दीत देण्यापूर्वी त्यांची वेष्टने उलटून पाहावीत. आणि घरातले, शेजारचे कोणी वयस्कर वादक असतील, तर त्यांनी कोणत्या गाण्यात काय वाजवले, ते त्यांच्याकडूनच विचारून तारखेसह वहीत टिपून ठेवावे.