पशुवैद्याचे कर्ज आणि खेड्यातला गोठा

रामदासपेठेत माणसांच्या वैद्याला शोधत हिंडावे लागत नाही. जनावरांचे वैद्य घडविणारे महाविद्यालयही येथून जवळच, सेमिनरी हिल्सवर, 1958 पासून उभे आहे. तरीही मेळघाटात किंवा भामरागडात रात्री गाय अडली, तर पशुवैद्य वेळेवर येईलच असा भरवसा देता येत नाही. विद्या जवळ आणि वैद्य दूर, असे का व्हावे?

तरुणांना खेड्याची आवड नाही, असे सरसकट म्हणणे आम्हांला पटत नाही. थोडा हिशोब मांडून पाहू. उमेदवारीच्या वर्षासह हे शिक्षण साडेपाच वर्षांचे. समजा, त्यासाठी एकाने सहा लाखांचे कर्ज दहा टक्के व्याजाने काढले आणि ते दहा वर्षांत फेडायचे ठरविले. महिन्याचा हप्ता सुमारे 7,900 रुपये होतो. त्यातले पहिल्या महिन्याचे 5,000 निव्वळ व्याजातच जातात. अशा माणसाने शहरातील पाळीव कुत्र्यामांजरांचा दवाखाना पत्करला, तर त्याला दोष कसा द्यावा?

अमेरिकेत याच अडचणीवर 2003 साली कायदा झाला आणि 2010 पासून योजना चालू झाली. तुटवड्याच्या म्हणून ठरविलेल्या भागात पशुवैद्याने तीन वर्षे काम करावे आणि सरकारने त्याच्या कर्जापोटी वर्षाला 25,000 डॉलरपर्यंत भरावे, असा मूळ करार होता. सक्तीचे हमीपत्र माणसाला बांधून ठेवते. हा करार त्याला निवड करू देतो. हा भेद लहान नाही.

आपल्याकडेही सेवेच्या प्रत्येक वर्षामागे कर्जाचा ठरावीक भाग फिटावा, असे आम्ही सुचवितो. मात्र तेवढ्याने भागणार नाही. लस थंड ठेवण्याची सोय, वाहन आणि राहण्यास धड घर नसेल, तर हप्ता फिटूनही माणूस टिकणार नाही.

हा खर्च कोणासाठी, असे कोणी विचारील. घटसर्पाची लस पावसाळ्यापूर्वी टोचली गेली पाहिजे. पेरणीच्या तोंडावर बैल गेला, तर शेतकऱ्याचे सारे वर्ष जाते. आणि मग कर्ज त्याच्या डोक्यावर चढते. कर्ज कोणाचे हलके करायचे, एवढाच प्रश्न आहे. वैद्याचे हलके केले, तर दोघांचेही हलके होण्याचा संभव आहे.