नोकरी सोडून लेखक व्हायचं? आधी सॅम्पल बघा

तळोद्याचा माझा एक मित्र पुण्यात आयटीत आहे. परवा त्याचा फोन आला: "राजीनामा टाकतोय. आता फुलटाइम लिहिणार. अच्युत गोडबोल्यांनी नाही का केलं?" त्याच्या बहिणीची फी त्याच्याच पगारातून जाते, म्हणून मी लगेच "वा!" म्हणू शकलो नाही.

आधी उदाहरण नीट बघू. गोडबोले आयआयटी मुंबईचे केमिकल इंजिनिअर. शिक्षणानंतर ते आपल्या शहाद्यात भिल्ल आदिवासींच्या चळवळीत आले, तुरुंगातही गेले. (तेव्हा शहादा धुळे जिल्ह्यात होतं, नंदुरबार जिल्हा १९९८ मध्ये वेगळा झाला.) मग सॉफ्टवेअर कंपन्यांत वरच्या पदांवर पोचले आणि पुढे ते सगळं सोडून पूर्णवेळ लेखक झाले. 'किमयागार', 'अर्थात', 'मनात' आपण वाचलीच आहेत. पण संगणकावरची इंग्रजी पाठ्यपुस्तकं त्यांनी नोकरीत असतानाच लिहायला घेतली होती, हे आपण विसरतो.

आता संशोधनाचा मुद्दा. राजीनामा देऊन लिहायला बसले आणि पुन्हा नोकरी शोधू लागले, अशांच्या मुलाखती सहसा छापून येत नाहीत. दिसतात ते फक्त टिकलेले. याला 'सर्व्हायव्हरशिप बायस' म्हणतात. म्हणजे गोडबोल्यांच्या उदाहरणावरून 'हे होऊ शकतं' एवढंच कळतं. 'किती जणांचं होतं' हे कळत नाही.

त्यासाठी दोन्ही गट हवेत. जोसेफ रॅफी आणि जी फेंग यांनी २०१४ मध्ये अमेरिकेतल्या आकडेवारीवरून असाच अभ्यास केला. नोकरी सांभाळून धंदा सुरू करणारे आणि नंतर पूर्णवेळ त्यात उतरणारे, यांचा धंदा सोडण्याचा धोका थेट उडी मारणाऱ्यांपेक्षा ३३ टक्क्यांनी कमी निघाला.

पण इथेही घाई नको. हा अभ्यास धंद्याचा आहे, मराठी लेखनाचा नाही. शिवाय हळूहळू उतरणारी माणसं मुळातच सावध असू शकतात. मग फायदा पद्धतीचा की स्वभावाचा?

मित्राला एवढंच म्हटलं, "सहा महिने रोज पहाटे लिही, मग ठरव." तो जरा हिरमुसला. पण राजीनामा अजून ड्राफ्टमध्येच आहे.

तुम्ही सिनॉप्सिस लिहीत असाल, तर हा प्रश्न वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा: माझ्या सॅम्पलमध्ये कोण आलेलंच नाही?