फोनपलीकडचा मॉनिटर

दूरशिक्षणावरचं संशोधन वाचायला घेतलं की आधी भेटतात ती माध्यमंच. पोस्टाने येणारे पाठ, रेडिओ, उपग्रह, आता मोबाइल. दर वेळी नव्या साधनाची द्वाही फिरते आणि शिकणाऱ्याच्या सोबतीला नेमकं कोण असतं, हा प्रश्न मागेच राहतो. मायकेल मूर यांनी १९७० च्या दशकापासून मांडलेला सिद्धांत मात्र त्याच प्रश्नाशी येऊन थांबतो. शिक्षणातलं अंतर मैलांत मोजायचं नाही. संवाद किती होतो, अभ्यासक्रमाची चौकट किती घट्ट आहे आणि विद्यार्थी स्वतःच्या बळावर किती पुढे जातो, यावर ते ठरतं. या हिशोबाने ऐंशी मुलांच्या वर्गातला शेवटच्या बाकावरचा मुलगाही दूरशिक्षणच घेत असतो!

हे अंतर कमी करणारी, मुलांनी मुलांना शिकवण्याची पद्धत इंग्रजी शिक्षणव्यवस्थेत गेली ती आपल्याकडूनच. अँड्र्यू बेल हे मद्रासच्या अनाथ मुलांच्या शाळेचे प्रमुख होते. गावठी शाळेत वाळूवर अक्षरं गिरवणारी पोरं त्यांनी पाहिली. स्वतःच्या शाळेतले शिक्षक ही रीत स्वीकारेनात, तेव्हा त्यांनी मोठ्या मुलांनाच लहानांचे शिक्षक केलं आणि १७९७ मध्ये लंडनला त्याचा वृत्तान्त छापला. मॉनिटर हे पद तिथून जगभर गेलं. आपल्याकडे ते परतलं, पण पुढे त्याचं काम उरलं खडू आणण्याचं आणि बडबडणाऱ्यांची नावं फळ्यावर लिहिण्याचं.

मुक्त विद्यापीठांनी हा धागा अर्धाच उचलला. ब्रिटनचं मुक्त विद्यापीठ १९६९ मध्ये स्थापन झालं आणि १९७१ मध्ये पहिली तुकडी शिकू लागली. नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ चं; राम ताकवले हे त्याचे पहिले कुलगुरू. ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे ब्रीद, स्वयंअध्ययनाची पुस्तकं, अभ्यासकेंद्रं, समंत्रक (मार्गदर्शक शिक्षक), संपर्कसत्रं अशी भक्कम व्यवस्था उभी राहिली. नोकरी करणारे, शाळा सुटलेले, संसारात अडकलेल्या बायका यांना पदवीचं दार उघडलं, हे काम फार मोठं आहे. पण त्या रचनेत विद्यार्थ्याने दुसऱ्या विद्यार्थ्याचा हात धरावा, याला मानाची जागा नाही. मदत होते ती ओळखीपाळखीने.

कोविडच्या महासाथीत या जागेचं मोल मोजता आलं. इटलीत २०२० मध्ये विद्यापीठातल्या स्वयंसेवक विद्यार्थ्यांनी सहावी ते आठवीच्या अडचणीतल्या मुलांना ऑनलाइन शिकवलं. एका मुलाला एक शिकवणारा, आठवड्याला साधारण तीन तास, आणि पाठीशी शिक्षणतज्ज्ञ. कोणाला ही मदत मिळावी हे चिठ्ठी टाकून ठरवल्यामुळे तुलना खरी झाली. मुलांची प्रगती ०.२६ प्रमाण विचलनाने वाढली. शिक्षण-संशोधनात ही वाढ किरकोळ मानत नाहीत. मला अधिक मोलाची वाटली ती दुसरी नोंद. शिकवणाऱ्यांमध्येही दुसऱ्याचं मन समजून घेण्याची वृत्ती वाढलेली दिसली. बांगलादेशात तर इंटरनेटही लागलं नाही. तिथल्या विद्यापीठीय विद्यार्थ्यांनी ग्रामीण घरांत आठवड्याला एकदा साधा फोन केला, तेरा आठवडे, आणि मुलांबरोबर त्यांच्या आईलाही अभ्यासात ओढलं. मुलं ठळकपणे पुढे गेली.

बोत्स्वानातल्या प्रयोगात सुमारे ४,५०० कुटुंबं होती. काहींना नुसते गणिताचे संदेश पाठवले, काहींना संदेश आणि वर आठवड्याला वीसेक मिनिटांचा फोन. संदेशांनी फारसं काही हललं नाही. फोन आला तिथे गणित सुधारलं. पुढे भारत, केनिया, नेपाळ, फिलिपिन्स आणि युगांडा या पाच देशांत हीच पद्धत तपासली, तेव्हाही फोनचं पारडं जड राहिलं. आपल्याकडे टाळेबंदीत व्हॉट्सॲपच्या गटांवर व्हिडिओंच्या लिंका ढकलणं म्हणजे शिकवणं, असा समज किती जोरात होता!

दुसऱ्याचा हात धरून त्याला शिकवणं हेही नेतृत्वच. विद्यार्थी-नेतृत्वाची आपली चर्चा मात्र अजून निवडणुकीतच घुटमळते. महाराष्ट्रातल्या विद्यापीठांसाठीच्या १९९४ च्या कायद्याने विद्यार्थी परिषदेत गुणवत्तेवर नेमणुका आणल्या, २०१६ च्या कायद्याने निवडणुका परत आणल्या, आणि अंमलबजावणी पुढे पुढे ढकलली गेली. निवडणुका हव्यातच. पण घरी बसून शिकणाऱ्याला ना कँटीन, ना कट्टा, ना मोर्चा. त्याने पुढारी कुठे व्हायचं?

फोनवरून दुसऱ्याला शिकवत त्याला पुढारी होता येईल, आणि त्यासाठी नवी योजनाही लागणार नाही. १९६९ पासून चालत आलेल्या राष्ट्रीय सेवा योजनेत स्वयंसेवकाने वर्षाला १२० तास द्यायचे असतात. इटलीच्या हिशोबाने आठवड्याला तीन तास धरले, तर एका मुलाला चाळीस आठवडे सोबत मिळते. अडचण तासांची नाही, पाठीशी उभ्या राहणाऱ्या शिक्षकाची आहे. तिथे स्वयंसेवक अडले की विचारायला तज्ज्ञ होते. इथे कार्यक्रम अधिकारी स्वतःची तासिका, परीक्षेचं काम आणि शिबिराचा हिशोब सांभाळून शंभर पोरांच्या वह्यांवर सह्या करत असतो. त्याच्या कार्यभारात या देखरेखीचे तास धरायचे की नाही, हे विद्यापीठांनी ठरवायचं आहे.