आवाज का फाटतो?

मोहरमच्या दिवशी कडेगावात होणाऱ्या ताबुतांच्या भेटी तुम्ही पाहिल्या असतील, निदान त्यांविषयी ऐकले तरी असेल. बांबूंचे ते गगनचुंबी ताबूत, त्यांना खांदा देणारे हिंदू आणि मुसलमान गावकरी, मेलातील गाणी आणि वाद्यांचा गजर! अलीकडे कितीतरी हात मोबाइल उंच धरून हा प्रसंग टिपत असतात. घरी येऊन ते चित्रण लावले की चित्र चांगले दिसते, पण आवाज मात्र ऐकवत नाही. ढोलाच्या जागी नुसता खरखराट येतो आणि एखाद्या वृद्ध गायकाचे गाणे त्यात बुडून जाते. ‘आवाज फाटला’ असे आपण म्हणतो. तो फाटतो म्हणजे नेमके काय होते?

त्याआधी एक भाषेची गोष्ट. ‘आवाज’ हा शब्द फारसीतून उर्दूत आला, तसाच मराठीतही आला. पण उर्दूत तो स्त्रीलिंगी आहे आणि मराठीत पुल्लिंगी. म्हणून मराठीत ‘आवाज वाढली’ असे लिहू नका; ‘आवाज वाढला’ असे लिहा.

आता मूळ विषयाकडे वळू. ढोलावर काठी पडली की त्याचे कातडे थरथरते. त्यामुळे भोवतालच्या हवेचा दाब क्षणात वाढतो, क्षणात कमी होतो. या लाटा कानाच्या पडद्यावर आदळतात आणि आपल्याला ऐकू येते. दाबातील फरक जितका जास्त, तितका आवाज मोठा.

हा मोठेपणा डेसिबलमध्ये मोजतात. टेलिफोनचा शोध लावणारे अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांच्या नावावरून हे एकक आले. माणसाच्या कानाला जेमतेम ऐकू येईल असा आवाज म्हणजे शून्य डेसिबल. कुजबुज सुमारे ३० आणि साधे बोलणे सुमारे ६० डेसिबल असते. येथे नेहमीच्या बेरजेसारखा हिशेब करू नका. १० डेसिबल वाढले की ध्वनीची ऊर्जा दहापट होते, आणि कानाला मात्र आवाज साधारण दुप्पट झाल्यासारखा वाटतो. भारतात २००० साली झालेल्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. हे दोन आकडे जवळजवळ वाटतात, पण ऊर्जेत त्यांच्यात दहापटीचा फरक आहे.

मोबाइलमध्ये किंवा संगणकात हवा साठवता येत नाही. तेथे फक्त अंक साठवतात. मायक्रोफोन हवेच्या दाबाचे विजेत रूपांतर करतो आणि यंत्र त्या विजेचे माप पुन्हा पुन्हा घेत राहते. सीडीवरील ध्वनीसाठी एका सेकंदात ४४,१०० वेळा माप घेतात. प्रत्येक माप उणे ३२,७६८ ते अधिक ३२,७६७ यांमधील एक पूर्णांक असतो. मापाची पट्टी येथे संपते. तिच्या पुढचा अंक लिहायला जागाच नाही.

ढोलाचा ठोका या पट्टीपेक्षा मोठा आला तर यंत्र काय करील? ते शेवटचाच अंक पुन्हा पुन्हा लिहील. लाटेचा गोल माथा कापला जाईल आणि तेथे सपाट पठार तयार होईल. आपल्याला ऐकू येणारा खरखराट तो हाच. कापलेल्या माथ्याचे अंक कधी लिहिलेच गेले नाहीत, म्हणून नंतर आवाज कमी केला तरी ते परत येत नाहीत. पठार फक्त खाली सरकते. दुरुस्तीची साधने आहेत, पण ती हरवलेल्या भागाचा अंदाज बांधतात, इतकेच. ज्या वृद्धाचे गाणे तुम्ही टिपले, तो पुढच्या मोहरमला गायला असेलच असे नाही. म्हणून ही काळजी आधीच घ्यायची.

ध्वनिसंपादनाच्या प्रणालीत, उदाहरणार्थ मोफत मिळणाऱ्या ‘ऑडॅसिटी’मध्ये, पातळीचे आकडे उणे दिसतात. पुष्कळ मुले येथे गोंधळतात. बाहेरच्या जगात शून्य डेसिबल म्हणजे किमान आवाज. संगणकात शून्य म्हणजे कमाल पातळी, पट्टीचे शेवटचे टोक. तेथून खाली मोजायचे. उणे ६ म्हणजे लाटेची उंची जवळजवळ निम्मी, उणे २० म्हणजे एक दशांश. (उर्दूत ‘कमाल’ म्हणजे पूर्णता, नैपुण्य, मराठीत ‘कमाल’ म्हणजे जास्तीत जास्त. परीक्षेत हा फरक विसरू नका.)

आणखी एक प्रश्न उरतो. दोन ध्वनिमुद्रणांची सर्वांत उंच लाट सारखीच असली, तर ती सारखीच मोठी ऐकू येतील का? नाही. एका मुद्रणात हळू आवाजातले गाणे आणि मध्येच ढोलाचा एक ठोका आहे. दुसऱ्यात कोणी सतत खड्या आवाजात बोलत आहे. दुसरेच मोठे वाटेल. कान एका टोकावरून नव्हे, तर काही काळाच्या सरासरीवरून आवाज ठरवतो. शिवाय त्याला सगळे स्वर सारखे ऐकू येत नाहीत. फ्लेचर आणि मन्सन या शास्त्रज्ञांनी १९३३ साली दाखवले की फार खर्जातल्या ध्वनीपेक्षा मधल्या-उंच स्वरांना कान जास्त तीक्ष्ण असतो. जाहिराती करणाऱ्यांनी याचा भरपूर फायदा उठवला. टोकाची मर्यादा न ओलांडता सरासरी वाढवली, की जाहिरात लागताच घरातले आवाज कमी करायला धावतात! कानाच्या या स्वभावाप्रमाणे मोजण्याची पद्धत आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने २००६ साली ठरवली. तिच्या आधारे युरोपातील प्रसारकांनी २०१० साली कार्यक्रमांची सरासरी पातळी उणे २३ असावी असे ठरवले. कमाल टोक आणि ही सरासरी, दोन्ही आकडे निरनिराळे आहेत.

तेव्हा तुम्ही ध्वनिमुद्रण कराल तेव्हा सर्वांत मोठा ठोका उणे १२ ते उणे ६ यांच्या दरम्यान राहील असे पाहा. फार खालीही नको. नंतर आवाज वाढवताना मागची सळसळही तेवढीच वाढते. मोबाइलवर पातळी बदलता येत नसेल तर पाय वापरा. मोकळ्या मैदानात ध्वनीपासूनचे अंतर दुप्पट केले की आवाज सुमारे ६ डेसिबलने उतरतो. गाणे हवे असेल तर गायकाच्या जवळ आणि ढोलापासून दूर उभे राहा. पुष्कळ मोबाइल मोठा आवाज येताच स्वतःहून पातळी उतरवतात, आणि मग ढोलाबरोबर गाणेही दबते. ही सोय बंद करता येत असेल तर करा. प्रसंगाआधी एक मिनिट मुद्रण करून ऐकावे. संपादन करताना मात्र नेहमी प्रतीवर काम करा आणि मूळ मुद्रण, त्यावर तारीख व गायकाचे नाव घालून, वेगळे जपून ठेवा.